कंबोडियाच्या मतपेट्या राखणाऱ्या सुभेदार काकांस

आदरणीय सुभेदार काका,
सादर नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या विनंतीला मान देऊन तुम्ही गावच्या वाचनालयात आलात आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय पायदळाबरोबर कंबोडियात असताना पाहिलेल्या १९९३ च्या निवडणुकीविषयी मोकळेपणाने बोललात, त्याबद्दल तालुक्यातील आम्हा शिक्षकांच्या वतीने मनःपूर्वक आभार. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, तुम्ही जे सांगितले ते गडचिरोलीत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे आणि ते वाचनालयाच्या चार भिंतींत राहू नये.

कंबोडियातील यादवी थांबवण्यासाठी पॅरिस येथे २३ ऑक्टोबर १९९१ रोजी शांतता करार झाला आणि पुढच्या वर्षी जपानी मुत्सद्दी यासुशी आकाशी यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांची मोहीम कंबोडियात उतरली. सुमारे २२ हजार माणसे, थायलंडच्या सीमेवरील छावण्यांतून परत आणलेले साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित, सुमारे ४७ लाख मतदारांची नव्याने नोंदणी, हे सारे आकडे मोठेच आहेत. परंतु खरे सांगायचे तर आकड्यांपेक्षा आमच्या मनात घर केले ते तुम्ही सांगितलेल्या भीतीने. सत्ताधारी पक्षाची माणसे मतदार ओळखपत्रांचे क्रमांक लिहून घेत, काही ठिकाणी ओळखपत्रेच काढून घेत, आणि आपण कोणाला मत दिले ते यांना कळणारच, अशी लोकांची समजूत होऊन बसली होती. दुसरीकडे ख्मेर रूज या सशस्त्र कम्युनिस्ट गटाने निवडणुकीवर बहिष्कार टाकलेला. निवडणुकीच्या कामासाठी आलेले जपानचे स्वयंसेवक आत्सुहितो नाकाता आणि त्यांचे कंबोडियन दुभाषी ८ एप्रिल १९९३ रोजी मारले गेले. नाकाता तेव्हा अवघ्या २५ वर्षांचे होते. एवढे होऊनही २३ मेपासून लोक मतदानाला आले आणि नोंदणी झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांनी मत दिले.

हे कसे घडले, असे मी विचारले तेव्हा तुम्ही बंदुकीचे नाव प्रथम घेतले नाही, रेडिओचे घेतले. मोहिमेचे स्वतःचे रेडिओ केंद्र रोज एकच गोष्ट परोपरीने सांगत होते, की मत गुप्त आहे आणि गुप्तच राहील. नुसते सांगून ते थांबले नाहीत. निरनिराळ्या ठिकाणच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकमेकींत मिसळल्या जाणार होत्या, म्हणजे कोणत्या गावाने कोणाला झुकते माप दिले हे कोणालाही काढता येऊ नये. बाहेरून आलेल्या मदतीचे मोल मला येथे सर्वाधिक वाटते. हे आश्वासन देणारा गावातल्या कोणत्याच पक्षाचा नव्हता, म्हणूनच लोकांनी त्यावर विश्वास ठेवला.

आमच्याकडेही मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत झाडांना नक्षलवाद्यांची बहिष्काराची पत्रके लावल्याचे अनेकांनी पाहिले आहे. काही केंद्रांवर पथके हेलिकॉप्टरने उतरवावी लागतात आणि मतदान दुपारी ३ वाजताच थांबते. केंद्रावर बंदोबस्त चोख असतो, तरी मतदान कक्षाकडे जाता जाता एखादी म्हातारी शाई लावलेले बोट पदराआड धरून हळूच विचारते, ‘गुरुजी, कोनाले मत देलं हे कोनाले समजते का?’ अभिरूप म्हणजे चाचणीचे मतदान कसे घ्यायचे, कागदी मोहोर कशी लावायची, मतदार नोंदवहीत सही कोठे घ्यायची हे प्रशिक्षणात घोटून घेतले जाते. या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याचा सराव कोणी करून घेत नाही. तुमचे बोलणे ऐकल्यापासून मी थांबून, तिच्या बोलीत, नीट उत्तर देतो. मतपत्रिकांच्या काळात आपल्याकडेही गरजेप्रमाणे त्या मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. आता यंत्रांमुळे केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात आणि दोन-तीनशे मतदारांच्या टोल्याचा, म्हणजे पाड्याचा, कल सहज ओळखता येतो. माझ्या मते ही बाब आज घेतली जाते त्याहून गंभीरपणे घ्यायला हवी.

तुम्ही कौतुकाबरोबर उणेही सांगितलेत, त्याचे आभार वेगळे मानतो. वाहतुकीत काही मतपेट्यांच्या प्लास्टिकच्या मोहोरा तुटल्या आणि पराभूत पक्षाने त्याचेच भांडवल केले, हे ऐकताना आमच्यापैकी बरेच जण सावरून बसले, कारण खडबडीत रस्त्याने ट्रॅक्टरमधून यंत्रे आणताना पेटी मांडीवर धरून बसणारे आम्हीच. निकालात राजपुत्र रणरिद्ध यांच्या पक्षाला १२० पैकी ५८ आणि हुन सेन यांच्या सत्ताधारी पक्षाला ५१ जागा मिळाल्या, तरी हुन सेन यांच्या बाजूने सत्ता सोडण्यास नकार दिला आणि अखेर दोन पंतप्रधान नेमून तडजोड झाली. प्रशासन व पोलीस जुन्याच हातांत राहिले. संयुक्त राष्ट्रांची मोहीम सप्टेंबर १९९३ मध्ये आटोपली आणि जुलै १९९७ मध्ये हुन सेन यांनी बळाने रणरिद्ध यांना बाजूला सारले. ‘आम्ही पेट्या राखल्या, पुढचे राखणे आमच्या हाती नव्हते,’ हे तुमचे वाक्य मला प्रामाणिक वाटले. परकी मदत मतदाराला केंद्रापर्यंत निर्भयपणे आणू शकते. हरलेल्याने खुर्ची सोडावी, एवढी शिस्त मात्र तिला बाहेरून आणून देता येत नाही, आणि त्या लोकांनी सहा दिवस रांगा लावून जे दिले त्याची किंमत त्यामुळे कमीही होत नाही.

पुढील निवडणुकीच्या प्रशिक्षणापूर्वी प्रथमच केंद्रावर जाणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक बैठक घेण्याचे आम्ही ठरवत आहोत. धानाची रोवणी उरकली की सोयीचा दिवस कळवावा. न्यायला गाडी पाठवू. काकूंनाही सोबत आणावे, म्हणजे घाईने परत जाण्याची सबब उरणार नाही.

आपला नम्र,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षक
तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली