कॅशियरला उठू द्या

संपादक महोदय,

बैठ्या कामाचा विषय निघाला की सगळ्यांना आयटीवाल्यांचीच कणव येते. मी बत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा कॅश केबिनमध्ये. तिथून पाणी प्यायला उठायचे तर आधी नोटा ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, स्क्रीन लॉक, मग केबिनचे दार ओढून घ्यायचे. तेवढ्यात रांगेतून आवाज येणारच, "अहो, आता कुठं निघालात?" त्यापेक्षा तहान मारलेली परवडली, म्हणून मी पाणीच कमी प्यायचो. टॅली लागेपर्यंत, म्हणजे दिवसाचा हिशेब रोकडीशी जुळेपर्यंत, पाय सुजून पोटरीवर मोज्याचा खोल वळ उमटलेला असे.

संगणकाआधी असे नव्हते. चेक आला की लेजरला, म्हणजे जाडजूड खातेवहीत, नोंद, मग ते धूड उचलून पासिंग ऑफिसरच्या टेबलापर्यंत, सही झाली की परत. दिवसाला किती खेपा व्हायच्या कोण जाणे. आम्ही कुरकुरायचोच म्हणा! आता सगळे बसल्या जागी एका क्लिकवर होते.

लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त. (चालकांच्या गणवेशाची मापे तरुणपणापासूनच मोठी होती, हेही पुढे त्यांच्याच चमूने दाखवले, तेव्हा सगळे खापर खुर्चीवर फोडता येत नाही.) पण चालताना पोटरीचे स्नायू पायातले रक्त वर ढकलतात आणि बसून राहिले की ते काम मंदावते, एवढे माझ्या मोज्यांनाही कळत होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये बसण्याचा वेळ कमी करा, हलकीशी हालचालही उपयोगी पडते, असे सांगितले.

केंद्रीय आयुष मंत्रालयाचा 'वाय-ब्रेक', म्हणजे कामाच्या जागी करायचा पाच मिनिटांचा योग, आहे; त्याचे ॲप २०२१ मध्ये आले. योगासने चांगलीच आहेत, पण काउंटरवरच्या माणसाने ही पाच मिनिटे कुणाच्या भरवशावर काढायची? शाखेत माणसेच मोजकी. माझे म्हणणे साधे आहे. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा दहा मिनिटे दुसऱ्याने कॅश सांभाळावी, आणि हे ड्युटी चार्टमध्येच लिहिलेले असावे. मॅनेजरच्या मर्जीवर सोडले की मार्चमध्ये पहिला बळी याच दहा मिनिटांचा जातो. दुसरा माणूस नसेलच तर काउंटर तेवढा वेळ बंद ठेवून वेळेची पाटी लावावी.

परवा पेन्शन काढायला गेलो होतो. केबिनमधली मुलगी बाटली घेऊन उठली आणि माझ्या मागचे काका लगेच घड्याळ बघू लागले. "बसा हो, येईल ती," म्हटले, तर माझ्याकडेच रागाने पाहिले त्यांनी.

– एक निवृत्त कॅशियर, मिरज