बापूच्या टाचेबद्दल

फोंडा

प्रिय दिगू,

पत्राला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर दे. इकडे सगळे बरे. लिहितोय ते बापूसाठी. त्याची टाच पुन्हा ठणकायला लागलीय आणि साहेब स्टेरॉइडचं तिसरं इंजेक्शन घ्यायला निघालेत. माझं तो ऐकायचा नाही, कारण तुला ठाऊक आहे. तुझं ऐकेल.

एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून तो हबकलाय. तसं हाड न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं रे. दुखतोय तो तळव्याचा पट्टा, टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला. रात्रभरात तो आखडतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल जीव घेतं. चाललं की सैल होतो, आणि दिवसभर दुकानातल्या फरशीवर उभं राहिलं की संध्याकाळी परत तेच. इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटेल. पण वरचेवर घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते, क्वचित पट्टाच तुटतो. त्यात याला मधुमेह; स्टेरॉइडने साखर काही दिवस चढते ती वेगळीच.

त्याच्याकडून एवढं करून घे. खाटेवरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा आणि बोटं हाताने नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला की पट्टा दोरीसारखा ताठ लागायला हवा. नाही लागला तर तो नुसता अंगठा कुरवाळतोय असं समज. दहा मोजून सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग पोटरी: भिंतीला हात, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली, 30 सेकंद. नंतर तेच गुडघा जरा वाकवून. इथे लोक मागचं पाऊल बाहेर फिरवतात, मग पोटरी ताणली जात नाही आणि कमान उगाच खचते.

ठणका जरा उतरला की पायरीच्या कडेवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, तीन सेकंदांत टाच वर, दोन थांबायचं, तीनात खाली. बारा वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर कमी करायचं, बंद नाही.

तुझ्या आईचा रुईच्या पानाचा आणि तापल्या विटेचा शेक, ज्यावरून आपलं वाजलं होतं, तो बापूला नको. साखरेने तळवा बधिर झाला असेल तर भाजलेलं कळायचंही नाही. मिरामारच्या वाळूत अनवाणी फिरणंही सध्या बंद. मऊ वाळूत टाच खाली जाते आणि पट्टा जास्त ओढला जातो. आणि ती सपाट रबरी चप्पल मांडवीत सोड. नवी घेताना दुमडून बघ: बोटांपाशी वाकली तर घे, मधोमध वाकली तर दुकानदाराला परत दे. घरातसुद्धा चप्पल घालूनच फिरायचं.

मुंग्या येत असतील, रात्री पडल्यापडल्या दुखत असेल किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तो ओरडला, तर व्यायाम थांबवून थेट हाडांच्या डॉक्टरकडे ने. नाहीतर धीर धर म्हणावं. चतुर्थीच्या भजनाला उभा राहीन म्हणतोय. यात महिने जातात, यंदा झांज बसूनच वाजव म्हणून सांग.

धाकटीचं कॉलेज कुठलं ठरलं? विहिरीचं काम संपलं का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत