ताई, फोनवर तू आभार मानू देत नाहीस म्हणून

प्रिय ताई,

अँड्रॉइड ॲप बनवायच्या नोकरीचं ऑफर लेटर आल्याचं तुला सांगितलं, तेव्हा "पुरे गो" म्हणून तू विषयच बदललास. आता इथे सगळ्यांदेखत लिहिते, म्हणजे तुला थांबवता येणार नाही.

ॲप लिहायची भाषा कोटलिन येतं, कंपोझ या साधनाने स्क्रीन बांधता येते, तेवढ्यावर मुलाखती निघतील असा माझा समज होता. पहिल्याच सरावात तू विचारलंस, "फोन आडवा केला की काय होतं?" ॲक्टिव्हिटी, म्हणजे समोरची स्क्रीन, नष्ट होऊन नव्याने बनते, म्हणून डेटा तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवायचा, असं मी घडाघडा सांगितलं. "आणि ॲप मागे असताना सिस्टिमने प्रोसेसच मारली, म्हणजे ॲप पुरतं बंद केलं, तर?" तिथे व्ह्यूमॉडेलही उरत नाही, थोडा डेटा सिस्टिमकडे जपून ठेवणारं सेव्ह्ड-स्टेट-हँडल लागतं. पण हे तू सांगितलं नाहीस, प्रोसेस मुद्दाम मारून मलाच बघायला लावलंस. खऱ्या मुलाखतीत नेमकं तेच विचारलं.

कोड लिहिताना तोंडाने बोलत राहायची सवयही तूच लावलीस. जून-जुलैत मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्यावर, बाबा घरीच जाळी दुरुस्त करत बसलेले. "खुळावलंस काय गो, एकटीच बडबडतंस?" हे रोजचं झालं होतं.

पण खरे आभार घरी करायला दिलेल्या असाइनमेंटसाठी. सर्व्हरवरून यादी आणून दाखवायची, नोंदी बदलता आल्या पाहिजेत, एवढंच काम होतं. तू म्हणालीस, "मालवणात पावसात वीज जाते, रेंज जाते. ते तपासणाऱ्याला ठाऊक नसेल, तुला आहे. ॲप तसं बांध." मग स्क्रीनने फक्त रूममधला, म्हणजे फोनमध्येच साठवलेला, डेटाबेस वाचायचा, बदल आधी तिथेच साठवायचे आणि नेटवर्क आलं की मागच्या मागे कामं उरकणाऱ्या वर्कमॅनेजरने सर्व्हरवर पाठवायचे, अशी रचना केली. पुढच्या फेरीत बहुतेक वेळ यावरच गेला. एकच नोंद दोन फोनवर बदलली तर खरी कुठली? शेवटी पोचेल ती, असं धरलं तर रेंज उशिरा मिळालेल्याची जुनी नोंद नव्या नोंदीवर बसते. मी बंदरावरच्या लिलावाच्या भावाचं उदाहरण दिलं. समोरचे दोघे पुढे सरसावून प्रश्न विचारू लागले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

एका कंपनीने शेवटच्या फेरीनंतर साधं 'नाही'सुद्धा कळवलं नाही. "एक मेल टाक आणि विसर," म्हणालीस. मेल टाकला, विसरायला मात्र वेळ लागला. एचआरची फेरी सोपी गेली. ऑनलाइन कोडिंगच्या दिवशी तुझी इन्व्हर्टरवाली खोली दिलीस आणि मुलांना दिवसभर आजोळी पाठवलंस, तेही लक्षात आहे.

पगाराचा आकडा घरी येऊनच सांगेन. इथे लिहिला तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला पाठ होईल.

तुझी,
शेजारची धाकटी