विकून टाकलेल्या वर्तमानपत्राविषयी

पोर्टलंड, ओरेगन
१४ ऑक्टोबर

प्रिय कुमुद,

सप्रेम नमस्कार. मार्चपासून तुला पत्र नाही. तुझा फोन दोनदा वाजला तेव्हा मी घरातच होते आणि मुद्दाम उचलला नाही. कारण पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही ते तुला ठरवता येईल. आपले अंक छापायचे ट्रेडल यंत्र मी विकले. बोळातली ती खोली मालकाला हवी होती, एवढे निमित्त झाले. भंगारवाल्याने यंत्राचे पैसे लोखंडाच्या भावाने दिले आणि छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांचे शिशाच्या भावाने. खिळ्यांच्या खणांच्या केशी उलट्या करून त्याने खिळे पत्र्याच्या डब्यात ओतले, तेव्हा छपरावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. तुला विचारले नाही, कारण विचारले असते तर तू नको म्हणाली असतीस आणि मला ते ऐकावे लागले असते.

माझी प्रकृती बरी आहे. गुडघे आहेत तसेच आहेत.

आज लिहायला बसले ती अबिगेलबाईंमुळे. लेकीकडे येऊन दोन महिने झाले. नातू शाळेत गेला की दुपार खायला उठते, म्हणून लेकीने येथील जुन्या वर्तमानपत्रांची चित्रे संगणकावर लावून दिली. त्यांत 'द न्यू नॉर्थवेस्ट' नावाचे साप्ताहिक सापडले. ५ मे १८७१ रोजी ते याच गावात निघाले, आणि काढणारी होती अबिगेल स्कॉट डनिवे, वय ३६, पदरी सहा मुले. ओरेगनला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती, पोर्टलंडची वस्ती आठ हजारांच्या आसपास होती आणि पूर्वेकडून येणारी आगगाडी अजून बारा वर्षे दूर होती. मथळ्याखाली ब्रीद होते: मुक्त वाणी, मुक्त मुद्रण, मुक्त जनता. वर्षाची वर्गणी तीन डॉलर.

पहिल्या अंकातला तिचा मजकूर तू वाचायला हवास. संपादकपदासाठी आपली पात्रता काय, याची तिने यादीच दिली आहे: धुणी धुतली, फरशा घासल्या, ठिगळे लावली, रफू केले, मुले वाढवली, गाई दोहल्या, लोणी काढले, कोंबड्या पाळल्या, खाणावळ चालवली, शाळेत आणि गाण्याच्या शिकवणीत शिकवले, टोप्यांचे दुकान चालवले. आता मुलगे खिळे जुळवण्याइतके आणि मुलगी दुकान सांभाळण्याइतकी मोठी झाली आहे, तेव्हा वर्तमानपत्र काढते, असा तिचा सूर. आपण पहिल्या अंकात 'वाचकांच्या सहकार्याने' वगैरे लिहिले होते, ते आठवून मी एकटीच हसले. 'कृपाभिलाषी' हा शब्द तुझा होता, हे मी अजून विसरलेले नाही.

ती इथवर कशी पोहोचली ते ऐक. १८५२ साली, सतराव्या वर्षी, ती इलिनॉयहून बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर निघाली. वाटेत पटकीने आई गेली आणि पुढे धाकटा भाऊही गेला. त्या प्रवासाची रोजनिशी लिहिण्याचे काम वडिलांनी तिच्याकडे सोपवले होते. पुढे लग्न झाले. नवऱ्याने एका मित्राच्या कर्जाच्या हुंड्यांना जामीन म्हणून सही केली, हिने आधी बजावले तरी ऐकले नाही, आणि शेत गेले. मौज अशी की, कर्ज होताना हिला कायद्याने काही किंमत नव्हती, पण वसुलीचा कागद घेऊन शेरीफ आला तेव्हा तो तिच्याच हातात पडला. त्यानंतर गाडीच्या अपघातात नवरा कामातून गेला आणि घर तिच्या अंगावर आले. आल्बनी गावातल्या तिच्या टोप्यांच्या दुकानात बायका येत आणि रडत. एका शेतकऱ्याच्या बायकोने मुलींना पावसाळी अंगरखे घ्यायचे म्हणून लोणी विकून पैसे जमवले होते. नवऱ्याने ते उचलून शर्यतीची घोडी घेतली. अबिगेलने ही हकिगत घरी सांगितली, तेव्हा अपंग होऊन बसलेला तिचा नवराच म्हणाला की, बायकांना मत मिळेपर्यंत हे असेच चालणार. मला हा माणूस फार आवडला. तुझे मत वेगळे असेल, कारण सही तर त्यानेच केली होती.

छापखाना घराच्या माडीवर. मुलगे खिळे जुळवायचे, बहीण कॅथरिन काही वर्षे सहसंपादक होती. बाई स्वतः घोड्यांच्या टपालगाडीने आणि आगबोटीने गावोगाव हिंडून व्याख्याने द्यायची, वर्गणीदार मिळवायची आणि रात्री मुक्कामी पुढच्या अंकाचा मजकूर लिहायची. क्रमशः कादंबऱ्याही तीच लिहायची. पहिल्याच वर्षी बायकांच्या मताधिकाराच्या पुढारी सुझन अँथनी इकडे आल्या आणि दोघींनी ओरेगन व वॉशिंग्टन प्रदेशात मिळून सुमारे दोन हजार मैलांचा दौरा केला. वाचकांच्या पत्रांना ती उत्तरे छापते, पण मूळ पत्र छापत नाही. त्यामुळे नुसत्या उत्तरावरून कोणा बाईने काय विचारले असेल ते ओळखत बसावे लागते. दुपारच्या दुपार मी तेच करते. उत्तरे तुझ्या वळणाची आहेत: दोन ओळी, आणि दुसरी ओळ झोंबणारी.

१८७९ साली जॅक्सनव्हिल गावात लोकांनी तिला अंडी मारली आणि तिचा पुतळा जाळला. ते तिने आपल्याच वर्तमानपत्रात छापले आणि वर लिहिले की, लागले ते एकच अंडे, तेही ताजे होते आणि डोक्यावरच बसले, तेव्हा केस धुण्याचा खर्च वाचला. आपल्याला तर नुसते एक निनावी पोस्टकार्ड आले, आणि तू आठ दिवस जेवली नव्हतीस. रागावू नकोस.

आता दारूचा विषय, जो मी टाळणार होते. तुला दारूबंदीचा विशेषांक हवा होता आणि मी तो काढू दिला नाही. 'तू वर्गण्या मोजतेस,' असे तू भर खोलीत, त्या जुळाऱ्यासमोर म्हणालीस. तर अबिगेल माझ्या बाजूची निघाली! दारूबंदी आणि मताधिकार यांची गाठ मारली, तर पिणारे सगळे पुरुष आणि दारूचे व्यापारी मिळून मताधिकार पाडतील, असे ती वर्षानुवर्षे सांगत राहिली, आणि त्यापायी दारूबंदीवाल्या बायकांशी तिने कायमचे वैर घेतले. हे वाचले त्या दिवशी तुला फोन करून नाचावेसे वाटले होते. मग लक्षात आले की, तिच्यासमोर निवडणुकीचे गणित होते आणि माझ्यासमोर खरोखरच वर्गणीची वही होती. तेव्हा तो मुद्दा तुझा राहू दे.

भावाच्या बाबतीत तुला वेगळे काय सांगू? तिचा सख्खा भाऊ हार्वी स्कॉट हा याच गावच्या 'ओरेगोनियन' या बड्या दैनिकाचा संपादक, आणि मताधिकाराचा कट्टर विरोधक. १८८४ च्या मताधिकारावरच्या पहिल्या मतदानात बाजूने ११,२२३ आणि विरुद्ध २८,१७६ मते पडली. १९०० साली मात्र केवळ २,१३७ मतांनी हरले, आणि त्या हरण्याचे खापर तिने भावाच्या दैनिकावर फोडले. मतदार अर्थात सगळे पुरुष. आधी १८७२ साली ती आणि आणखी तीन बायका पोर्टलंडमध्ये मत द्यायला गेल्या होत्या, त्यांत मेरी बीटी ही कृष्णवर्णीय बाई होती. मतपत्रिका घेतल्या गेल्या, पण पेटीत पडल्या नाहीत. पेटीखाली ठेवल्या गेल्या. ही पेटीखालची जागा माझ्या मनातून जात नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते. जानेवारी १८८७ मध्ये तिने वर्तमानपत्र विकले. वर्षभरापूर्वी, जानेवारी १८८६ मध्ये, तिची एकुलती एक मुलगी क्लारा क्षयाने गेली होती. नवऱ्याला आणि मुलांना आयडाहोत जमीन घेऊन गुरे पाळायची होती. जुळारी म्हणून वाढवलेली मुलेच निघून जाणार म्हटल्यावर जुळणी करायची कोणी? विकत घेणाऱ्याच्या हातात ते फार टिकले नाही. (त्याच सुमारास आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यात त्याच रोगाने गेल्या, फेब्रुवारी १८८७. पंडिता रमाबाई तर तेव्हा अमेरिकेतच होत्या. एकीचे दुसरीशी काही नाते नाही, पण तारखा शेजारी आल्या की मन ओढ घेते.)

मी शेवटचे अंक चार वेळा वाचले. विकताना तिने कोणाला विचारले असेल का, हेच शोधत होते. खरे म्हणजे माझ्यासाठी साक्षीदार शोधत होते. ती आयडाहोला गेली, तिथे तिला करमले नाही, परत पोर्टलंडला आली, आणि १८९५ साली, साठी गाठताना, 'पॅसिफिक एम्पायर' नावाच्या दुसऱ्या साप्ताहिकाची संपादक झाली. मताधिकार मिळाला तो १९१२ साली, सहाव्या मतदानात, ६१,२६५ विरुद्ध ५७,१०४. राज्यपालांनी जाहीरनामा लिहायला तिलाच सांगितले, तो तिने स्वतःच्या हाताने लिहिला, आणि तीन वर्षांनी ती गेली. येथे सगळे त्या जाहीरनाम्याचेच बोलतात. सोळा वर्षे दर आठवड्याला पाने भरण्याबद्दल बोलायला कोणी तयार नाही. तिने साप्ताहिक विकले ते चालू असताना, आणि मी विकले ते अकरा वर्षे बंद पडलेले यंत्र, तेव्हा आमची तुलना होत नाही, हे मला समजते. तरी ती विकू शकली याचा मला आधार वाटला, आणि पाठोपाठ असे वाटल्याची लाजही वाटली, कारण तिच्या जागी तुझ्यासारखी भागीदार असती तर तिने निदान कळवले असते.

तुझ्या सुनेचे बाळंतपण सुखरूप झाले, हे लेकीकडून कळले. मुलगा की मुलगी ते मात्र तिने सांगितले नाही. वाड्याचे काम संपले का? डोळ्याचे ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

सगळे खिळे मात्र विकले नाहीत. मथळ्याचे मोठे खिळे एका रुमालात बांधून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले आहेत. 'ळ' त्यांत नाही, तो तेव्हाही नव्हता आणि त्यापायी आपण 'चळवळ' हा शब्द मथळ्यात कधी वापरला नाही. वर्गणीदारांची वही तुझ्याकडे आहे असे मला वाटते. मी २० नोव्हेंबरला परत येते. तोवर ती शोधून ठेव. शेवटच्या वर्षाची वर्गणी भरलेल्या बायकांना तीन अंक द्यायचे राहिले होते, आणि त्यांतली एक तुझी आत्या होती, जी ते मला प्रत्येक लग्नात ऐकवते.

तुझी,
विमल