संच घेऊ नकोस, पुस्तकं घे

फोंडा, गोवा

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयाला मुलांच्या पुस्तकांसाठी देणगी मिळाली हे वाचून फार फार आनंद झाला. पेडण्यातल्या तुमच्या वाड्यावर मुलांसाठी वेगळा विभाग व्हावा म्हणून तू किती जणांचे उंबरे झिजवलेस ते मी पाहिलं आहे. पण पुढच्याच ओळीत तू लिहिलंस की एक विक्रेता शंभर पुस्तकांचा संच निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे, समितीलाही ते पटलं आहे, मी फक्त यादीवर एकदा नजर टाकावी. यादी नीट पाहिली. शैला, तो संच घेऊ नकोस.

बोधकथा, थोरांची सोळा पानी चरित्रं, सामान्यज्ञान आणि जगप्रसिद्ध कादंबऱ्यांचे संक्षेप, एवढाच त्यात माल आहे. एकाही नावापुढे लेखक नाही, अनुवादक नाही, चित्रकार नाही. जे पुस्तक आपण लिहिलं असं सांगायला कुणी पुढे येत नाही, ते आपल्या मुलांच्या हातात का द्यायचं? नव्या पुस्तकाचं मी पहिल्यांदा श्रेयांचं पान उघडते. चित्रकाराचं नाव तिथे लेखकाच्या बरोबरीनं छापलेलं असेल, तर त्या प्रकाशकानं चित्रांकडे लक्ष दिलं असण्याची शक्यता बरीच असते.

समितीला सांग की शंभरऐवजी चाळीसच येतील, पण प्रत्येक पुस्तक वाचून घेतलेलं असेल. मुलांचं पुस्तक निवडायची मला एकच रीत ठाऊक आहे: आपण ते आधी अख्खं वाचायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि जमलं तर एखाद्या मुलाला शेजारी बसवून वाचायचं. चित्रांच्या पुस्तकाला दहा मिनिटं पुरतात. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य कच्चं आहे असं समज. भाषांतर असेल तर आधी त्यातले संवाद वाच. तसं कुठलं मूल बोलत नसेल, तर पुस्तक खाली ठेव. गोष्ट असेल तर शेवटचा परिच्छेद हातानं झाकून वाच. तेवढ्यानं गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटली आणि हाताखाली फक्त 'म्हणून मुलांनो' निघालं, तर लेखकाचा आपल्याच गोष्टीवर विश्वास नव्हता. मुलांना हे आपल्याआधी कळतं. माझ्या वर्गातली मुलं तात्पर्य आलं की डोळे वर करतात आणि पुढचं पुस्तक मागतात.

आता आपल्या मुलांचं बघ, कारण यादी त्यांच्यासाठी करायची आहे. घरात कोंकणी, शाळेत चौथीपर्यंत मराठी, आणि पाचवीला बहुतेकांचं माध्यम इंग्रजी. म्हणजे नुकतं कुठे सलग वाचता यायला लागतं, आणि त्याच वर्षी मराठी पाच-सहा विषयांतला एक विषय होऊन बसतो. त्यानंतर मराठी पुस्तक हातात घ्यायला त्यांच्यावर कसलीही सक्ती उरत नाही. गोडी लागली असेल तरच घेतात. म्हणून पहिली ते चौथीच्या पुस्तकांवर हात सैल सोड आणि त्यात एकही रटाळ पुस्तक येऊ देऊ नकोस.

अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरेंपासून सुरुवात कर. ज्योत्स्ना प्रकाशनाची त्यांची पुस्तकं तुला पणजीत मिळतील, नाहीतर मागवता येतील. लिहितातही त्याच आणि चित्रंही त्याच काढतात, त्यामुळे शब्दांत जे सांगितलं ते चित्रात पुन्हा येत नाही. चित्र त्यात आपली भर घालतं. 'राधाचं घर'मधली घरातली माणसं, यशची पुस्तकं, हे सगळं रोजच्या जगण्यातलं. कुणी कुणाला शहाणं करायला निघालेलं नाही. 2016 साली टाटा ट्रस्ट्सचा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार मराठीसाठी त्यांनाच मिळाला होता. त्यांचंच 'चित्रवाचन' तर तू अवश्य घे. त्यात गोष्ट शब्दांत नाही, मोठमोठी चित्रं आहेत आणि ती बघून मुलांनी बोलायचं. आपल्या मुलांसाठी याहून सोयीचं पुस्तक नाही. जी मुलगी मराठी वाचताना कानकोंडी होते, ती चित्रावर बोट ठेवून कोंकणीत घडाघडा सांगत सुटते, आणि शेजारची मराठीत तिला जोड देते. कर्नाटकातून कामाला आलेल्यांची मुलंही मग मागे राहत नाहीत.

वर्गात घडलेलं एक सांगते. दिवाळीची एक गोष्ट वाचत होतो, अंगणात मुलं मातीचा किल्ला करतात ती. चित्र छान होतं, वर मावळे, पायथ्याशी हळीव पेरलेले. दुसरीतल्या एका मुलानं पुस्तक स्वतःकडे ओढलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "टीचर, हो किल्लो केन्ना लासतले?" म्हणजे हा किल्ला कधी जाळणार? दिवाळीला काहीतरी उभारायचं ते नरकासुराचं, आणि पहाटे ते जाळायचं, एवढंच त्याला ठाऊक. मग किल्ला कोण करतं, का करतं, आपल्याकडे तो नरकासुर कुठून आला, यावर तास कसा गेला कळलं नाही. त्या पुस्तकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, असली पुस्तकं हवीतच. पण कपाटातलं प्रत्येक घर पुण्यातलं, प्रत्येक सुट्टी मामाच्या वाड्यातली, प्रत्येक आई स्वयंपाकघरात आणि प्रत्येक मूल गोरंपान असेल, तर किनाऱ्यावरच्या वस्तीतून येणाऱ्या तुझ्या पोरांना हळूहळू वाटायला लागतं की पुस्तकं दुसऱ्या कुणाबद्दल असतात. चाळीस पुस्तकं निवडून झाली की ती जमिनीवर मांड आणि फक्त चित्रं बघत जा. त्यात खाडी दिसते का? पाऊस दिसतो का? झाडावर चढलेली मुलगी दिसते का? कुणाचा बाप भात वाढताना दिसतो का?

चवथीला गणपतीवर बांधायची माटोळी, खारफुटी, काजूची भट्टी अशा आपल्या गोष्टींची तयार मराठी पुस्तकं थोडीच सापडतात. तिथे दोन वाटा आहेत. एक, कोंकणी पुस्तकंही घे. मराठीच्या वाचनालयात कोंकणी कशाला, असं समितीत कुणीतरी म्हणेल. दोन्हींची लिपी एकच म्हणून मुलं दोन्ही वाचतात, हे त्यांना दाखव, वाद घालू नकोस. साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार देते, मराठी आणि कोंकणी दोन्हींसाठी. त्या यादीपासून शोध सुरू करता येतो. पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक मुलांना आवडेलच असं नाही, वाचून तर घ्यायलाच हवं. दुसरी वाट मला जास्त आवडते. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. त्यावरच्या गोष्टी फुकट उतरवून घेता येतात, छापता येतात आणि मूळ लेखक-चित्रकारांची नावं देऊन त्यांचा अनुवादही करता येतो. पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत 250 शब्दांच्या आतली, नुकतं वाचू लागलेल्यांची, आणि चौथ्या पातळीत सरावलेल्यांची. तुमच्याकडची मोठी मुलं एखादी गोष्ट आपल्या कोंकणीत करतील, म्हापशाच्या एखाद्या छापखान्यात दहा प्रती निघतील, आणि ती पुस्तकं लहानांना वाचून दाखवायला तीच मुलं बसतील. देणगीतले थोडे पैसे यासाठी बाजूला काढ.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालाही बघ. स्वस्त आहेत, चित्रं चांगल्या चित्रकारांची आहेत, आणि काही मराठी अनुवाद खरंच सुरेख आहेत. 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टचंच. चेतना सरदेशमुख-गोसावींचं मराठी इतकं मोकळं आहे की जपानमधली रेल्वेच्या डब्यांतली शाळा मुलांना पलीकडच्या गावातली वाटते. चौथीच्या मुलांना रोज एक प्रकरण वाचून दाखव. मासिकंही धर. लहानांना 'चिकूपिकू', आणि मोठ्यांना बालभारतीचं 'किशोर', जे 1971 पासून निघतं आहे आणि ज्याचे जुने अंक बालभारतीनं मोफत खुले केले आहेत.

दहा ते पंधराच्या मुलांची मला खरी काळजी वाटते. याच वयात मराठी सुटतं. दुकानात गेलीस तर इंग्रजीत त्यांच्यासाठी भिंतभर पुस्तकं आणि मराठीत एक फळी, तीही बहुतेक चरित्रांची. तरी शोधलं तर आहे. 'वाचू आनंदे'चे कुमारगटाचे दोन भाग घे, मोठ्या मराठी लेखकांचे वेचे त्यात चित्रांसकट आहेत आणि कुठूनही उघडून वाचता येतात. नारळीकरांच्या विज्ञानकथा घे. आणि प्रकाश नारायण संतांच्या लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी घे, 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंत चारही पुस्तकं. ती मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत, हे मला माहीत आहे. पण बेळगावकडचं ते कानडी मिसळलेलं मराठी आपल्या मुलांना परकं वाटत नाही, कारण त्यांचं स्वतःचं मराठीही असंच शेजारच्या भाषेत मिसळलेलं आहे. सातवीतल्या एका मुलीला मी 'वनवास' दिलं. तिनं ते परत आणलं तेव्हा मधल्या मधल्या पानांत बसची तिकिटं खुणेला होती, आणि तिनं एवढंच विचारलं, "ह्याचं पुढचं आहे?" मुलाचं हेच एक मत मी प्रमाण मानते. पुस्तक आवडलं का, असं मी त्यांना विचारत नाही. मोठ्यांनी विचारलं की मुलं हो म्हणतात.

या वयाच्या मुलांसाठीची निम्मी पुस्तकं त्यांनाच निवडू दे. दोघातिघांना कदंबच्या बसमध्ये बसवून सोबत घेऊन ये. भुताच्या गोष्टी, क्रिकेट, कॉमिक काहीही उचलू दे, तोंड वाकडं करू नकोस. मात्र एक अट घाल, दुकानात उभं राहून पहिली पाच पानं वाचल्याशिवाय टोपलीत टाकायचं नाही.

आणखी एक, आपल्या हवेचं. तुमच्याकडे भिंती जून लागला की घाम फुटल्यासारख्या होतात. चकचकीत कागदाची पुस्तकं ओल धरली की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्रच सोलून निघतं. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकांच्या पिना दुसऱ्या पावसाळ्यात गंजतात, तांबूस डाग उमटतो आणि मग मधलं पान सुटतं. शिलाईची बांधणी असेल ती प्रत घे, चार पैसे जास्त पडले तरी. पिनांचं पुस्तक फारच आवडलं तर घरी पिना काढून जाड दोऱ्यानं टाके घाल, वाड्यावरच्या बायका ते एका दुपारी करून देतील. बंद कपाटात काही ठेवू नकोस. फळी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ म्हणजे मागून वारा खेळेल, आणि ऊन पडलं की दारं-खिडक्या उघड. लहानांची पुस्तकं तर फळीवर लावूच नकोस. खोलीत मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर दोरी बांध आणि कपड्यांच्या चिमट्यांनी मुखपृष्ठं समोर येतील अशी अडकव. ज्यांना नुसते कणे दिसतात ती मुलं पुस्तकाला हात लावत नाहीत.

सगळे पैसे एकदम खर्चू नकोस. निम्मे आत्ता, उरलेले शिगम्यानंतर. तोवर कुठली पुस्तकं कोपऱ्यांवर मऊ झाली, कुठली अजून करकरीत आहेत ते तुला दिसेल, आणि पुढची खरेदी त्यावरून कर. जे फाटेस्तोवर वाचलं गेलं त्याची दुसरी प्रत नव्या पुस्तकाच्या आधी घे. समितीत कुणी म्हणेल, पुस्तकं फाटतात म्हणजे मुलांना शिस्त नाही. तेव्हा माझं नाव सांग, मी येऊन बोलेन.

पुढच्या महिन्यात एक दिवस काढ. पणजीला पाट्टोवर मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, तिथे सकाळी बसू आणि तुझ्या यादीतलं जे सापडेल ते समोरासमोर वाचून ठरवू. 1832 पासूनचं ग्रंथालय आहे, आपल्या करांतून चालतं, त्याचा उपयोग करून घेऊ. दुपारनंतर दुकानं. विक्रेत्याला तोवर होकार कळवू नकोस, आणि तो संचातली सुटी पुस्तकं देईल का तेवढं विचारून ठेव. त्यात पक्ष्यांवरचं एक बरं दिसतंय.

बाबांना नमस्कार सांग, पोरांना लाड.

तुझी,
कुंदा