सालीत अडकलेल्या धातूचे पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संत्र्याच्या सालीची पूड वापरून सांडपाण्यातले शिसे आणि क्रोमियम काढणाऱ्या विद्यार्थ्यांची बातमी आपल्या दैनिकात वाचली. मुलांचे मनापासून कौतुक वाटले. पण अशा बातम्या मी गेली पंधरा-वीस वर्षे वाचतो आहे. कधी केळीची साल, कधी अंड्याची कवचे, कधी कोळंबीची टरफले. बातमी नेहमी एकाच जागी संपते: पाणी शुद्ध झाले. पाण्यातून निघालेला धातू मग गेला कुठे, हे कोणी विचारत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत मी २६ वर्षे प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूंवर क्रोम-निकेलचा मुलामा चढवण्याच्या कामात काढली, म्हणून हा प्रश्न मला सोडत नाही.

क्रोमच्या टाकीतून जॉब, म्हणजे मुलामा दिलेली वस्तू, बाहेर काढला की तो पाण्यात बुडवून धुवावा लागतो. ते पिवळे धुवण हीच खरी डोकेदुखी. त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप असते. त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, आणि टाकीवरच्या तुषारांनी नाकाच्या पडद्याला भोक पडलेली माणसे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. नदीत सोडायच्या पाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. त्यासाठीची रीतसर पद्धत आम्हाला तोंडपाठ असते. ॲसिडने पीएच २ ते ३ वर आणायचा, क्रोमियमचे हे विषारी रूप मोडणारे मेटाबायसल्फाइट टाकायचे, पाणी हिरवट झाले की चुना घालायचा. क्रोमियम गाळ होऊन तळाशी बसते. तो गाळ वाळवून रांजणगावसारख्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवायचा. मोठ्या कारखान्याला हे जमते. चार टाक्या आणि सहा माणसे असलेल्या शेडला केमिकल, केमिस्ट आणि वाहतूक हे सगळे झेपत नाही. मग रात्री गटाराचे झाकण उघडले जाते. हे बोलायला आमच्या धंद्यात कोणी तयार नसते, पण ठाऊक सर्वांना असते.

म्हणूनच टाकाऊ वस्तूंनी धातू काढण्याची कल्पना मला मोलाची वाटते. भाताचा तूस, शेंगांची टरफले, लाकडाचा भुसा यांच्या अंगी धातू धरून ठेवण्याचा गुण आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची राख तांबे, जस्त, निकेल आणि कॅडमियम शोषते, हे रुडकीच्या संशोधकांनी २००० सालच्या आसपासच दाखवून दिले. आमच्या जिल्ह्यात त्या राखेला तोटा नाही. तरीही शिरोलीतल्या एकाही शेडमध्ये मला ती वापरात दिसली नाही. एक कारण असे की, प्रयोगशाळेतले ‘सांडपाणी’ बहुतेक वेळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकच क्षार विरघळवून केलेले असते. आमच्या पाण्यात निकेलच्या जोडीला तेल, साबण, चकाकीसाठी घातलेले ब्राइटनर असतात. शिवाय बोअरचे पाणी जड, त्यातले कॅल्शियम सालीवरच्या धातू चिकटायच्या जागा आधीच अडवून बसते.

दुसरे कारण साध्या हिशेबाचे आहे. एका शेडमधून दिवसाला ५,००० लिटर धुवण निघते आणि त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम क्रोमियम आहे, असे धरू. म्हणजे रोज १०० ग्रॅम. एक ग्रॅम तुसाने २० मिलिग्रॅम धातू धरला, तर रोज ५ किलो तूस लागेल. वर्षाच्या ३०० दिवसांत दीड टन. हा दीड टन तूस आता क्रोमियमने भरलेला आहे. तो उकिरड्यावर टाकला, शेतात पसरला, चुलीत घातला, तर नदीतले विष आपण जमिनीत किंवा धुरात घातले. २०१६ च्या नियमांप्रमाणे तोही धोकादायक कचराच, रांजणगावलाच जायचा. तेच पाणी आधी मेटाबायसल्फाइट आणि चुन्याने साफ केले आणि राहिलेल्या २ मिलिग्रॅमसाठी तूस वापरला, तर दीड टनाचे दीडशे किलो होतात. पाणी इतके विरळ असताना तूस धातू कमी धरतो, म्हणून दुप्पट लागेल समजा. तरी ते आवाक्यातले आहे. मला वाटते या साली-टरफलांची खरी जागा इथे, शेवटच्या टप्प्यावर आहे. निकेलच्या बाबतीत तर सौम्य ॲसिडने तो पुन्हा सोडवून घेता येतो आणि निकेल फुकट घालवण्याइतका स्वस्त नाही.

आणखी एका टाकाऊ वस्तूकडे मात्र पाहिजे तसे लक्ष जात नाही. ती म्हणजे बिडाचे बोरिंग, लेथवर कास्टिंग कापताना पडणारा कीस. फाउंड्रीच्या या गावात त्याचे ढीग आहेत. लोखंड क्रोमियमला नुसते धरत नाही, ते हेक्झाव्हॅलंटचे रूपांतर कितीतरी कमी घातक अशा ट्रायव्हॅलंट क्रोमियममध्ये करते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाच्या प्लेटिंग शॉपखालची जमीन क्रोमियमने नासली होती. तिथे १९९६ मध्ये भूजलाच्या वाटेत लोखंडी दाण्यांची ४६ मीटर लांब भिंत जमिनीत पुरली. पंधरा वर्षांनंतरही ती क्रोमियम अडवत होती. बांगलादेशात अबुल हुसाम यांचा सोनो फिल्टर याच बिडाच्या किसाच्या जोरावर विहिरीच्या पाण्यातले आर्सेनिक काढतो. त्याला २००७ मध्ये दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले.

आम्हीही २०० लिटरच्या पिंपात हा प्रयोग केला होता. बोरिंगला लागलेले कूलंटचे तेल कॉस्टिकने धुऊन काढले, बोरिंग भरले, पीएच ३ च्या आसपास आणून वरून पिवळे धुवण सोडले. खालून आलेल्या पाण्यात डायफिनाइल कार्बाझाइडचे थेंब टाकले (हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असले की याने जांभळा रंग येतो) आणि जांभळा रंग उमटलाच नाही. तो दिवस मी विसरलेलो नाही. सातव्या आठवड्यात पिंप तुंबले. बोरिंग गंजून एकसंध ढेकूळ झाले होते, पहारीने फोडावे लागले. पुढच्या खेपेला निम्मी वाळू मिसळली, ते बरेच जास्त टिकले. खालून उतरणाऱ्या पाण्यात लोखंड असते, त्यामुळे चुना आणि गाळ यांतून सुटका नाहीच, मेटाबायसल्फाइट मात्र वाचते. पण परवानगीच्या कागदावर ही पद्धत नाही म्हणून मालकांनी काम थांबवले. त्यांना मी दोष देत नाही.

आपल्या दैनिकाला विनंती आहे की, अशी बातमी देताना विद्यार्थ्यांना जरूर विचारावे: पाणी कोणत्या कारखान्याचे होते, किती दिवस सलग चालवून पाहिले, आणि वापरलेली साल आज कुठे आहे? कोल्हापूर-सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी बनावट पाण्याऐवजी वसाहतीतले एक पिंप धुवण न्यावे, सायनाइडचे पाणी त्यात मिसळलेले नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. देणारे मालक भेटतील, मी दोघांशी बोललो आहे. बोरिंगही ते देतील. फक्त प्रयोगापुरती लेखी मुभा आणि उरलेल्या गाळाची जबाबदारी कोणाची, एवढे संबंधित खात्याने आधी ठरवून द्यावे.

आपला,
एक निवृत्त प्लेटिंग सुपरवायझर, कोल्हापूर