पराभव तेवढे दाखवून विजय न दाखविल्याबाबत तक्रार

दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
प्रादेशिक कार्यालय, नागपूर.

विषय : क्रीडा वाहिन्यांच्या वार्षिक पॅकचे पूर्ण पैसे घेऊन सेवा अर्धवट दिल्याबाबत.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात एका खेड्यात राहणारा शेतकरी असून गेली ११ वर्षे आपल्या कंपनीचा डीटीएच ग्राहक आहे. दिनांक १० ऑगस्ट २०२४ रोजी तालुक्याच्या ठिकाणी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडे रोख २,१६० रुपये भरून मी क्रीडा वाहिन्यांचा वार्षिक पॅक घेतला. पावतीवर ‘सर्व क्रीडा वाहिन्या, १२ महिने’ असे स्पष्ट छापलेले आहे. पॅक घेण्याचे कारण मी त्याच वेळी विक्रेत्यास सांगितले होते. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचे साखळीतील सामने एका वाहिनीवर आणि युरोपातील सामने दुसऱ्या वाहिनीवर दिसतात, त्यामुळे मला दोन्ही वाहिन्या हव्या होत्या. एकच वाहिनी हवी असती तर मी स्वस्तातला मासिक पॅक घेतला असता.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या सेवा केंद्रात माझी तक्रार तीन वेळा चुकीची नोंदविली गेली आहे. संघ वाईट खेळला याबद्दल माझी आपल्याकडे कोणतीही तक्रार नाही. ३८ सामन्यांत ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव, ४२ गुण आणि २० संघांमध्ये १५वा क्रमांक, हा त्या संघाचा हंगाम आहे आणि तो मी संघाच्या खात्यावर टाकतो. १९७३-७४ मध्ये हा संघ खालच्या विभागात घसरला होता, त्यानंतर इतके खालचे स्थान त्याच्या वाट्याला प्रथमच आले. घरच्या मैदानावरच साखळीतील ९ सामने हरले. हे सारे मी सोसले आहे. माझी तक्रार एवढीच आहे की ज्या सेवेचे पैसे मी आगाऊ मोजले, त्या सेवेने मला या हंगामातील पराभव जवळजवळ सगळे दाखविले आणि आनंदाचे जे मोजके क्षण होते नेमके तेच दाखविले नाहीत.

दिनांक २२ एप्रिल रोजी आपल्या ग्राहक सेवा केंद्रातील प्रतिनिधीने मला दूरध्वनीवर हसत विचारले, “सर, तुमची टीम तर तशीही हरतेच आहे, मग पाहायचं काय राहिलं?” त्या मुलाचे नाव मला ठाऊक नाही आणि त्याच्यावर कारवाई व्हावी अशी माझी इच्छाही नाही. परंतु हा युक्तिवाद कंपनीचा अधिकृत युक्तिवाद असल्यास त्याचे उत्तर देणे मला भाग आहे. आमच्याकडे बियाणे उगवले नाही म्हणून शेतकरी तक्रार घेऊन गेला, तर विक्रेत्याला असे म्हणून सुटता येत नाही की यंदा तुमचे पीक तसेही बुडणारच होते. पीक बुडेल की तरेल हे पाऊस ठरवील. विकलेली पिशवी खरी होती की नाही, एवढ्याचाच जाब विक्रेत्याने द्यायचा असतो.

या संघाशी माझा संबंध १९९९ सालापासूनचा आहे. परीक्षा लांबल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस मी नागपूरच्या वसतिगृहात अडकलो होतो आणि मेसमधील टीव्हीवर मध्यरात्रीनंतर युरोपातील अंतिम सामना लागला होता. बायर्न म्युनिकने सहाव्या मिनिटालाच गोल केलेला असल्याने शेवटची पाच मिनिटे उरली तेव्हा अर्धी मुले खोल्यांवर झोपायला निघून गेली. उकाड्यामुळे झोप येणार नाही हे ठाऊक असल्याने मी बसून राहिलो, आणि ९० मिनिटे उलटून गेल्यावर शेरिंगहॅम व सोल्शार यांनी दोन गोल करून सामना फिरविला. त्या रात्रीपासून मी कोणताही सामना पंचाची अखेरची शिट्टी वाजेपर्यंत सोडत नाही. या सवयीचा उल्लेख मुद्दाम करीत आहे, कारण पुढील हिशेबाशी तिचा थेट संबंध आहे.

आता हंगामाकडे वळतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात आपली सेवा उत्तम होती, हे मी मान्य करतो. १ सप्टेंबर रोजी लिव्हरपूलने ०-३ असे हरविले आणि आमच्याच कासेमिरोच्या पायातून निसटलेल्या दोन चेंडूंवर त्यांनी गोल केले, ते आपल्या कृपेने अगदी स्वच्छ दिसले. २९ सप्टेंबर रोजी टॉटनहॅमकडून पुन्हा ०-३ झाले, तेही दिसले. २७ ऑक्टोबर रोजी वेस्ट हॅमने शेवटच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीवर २-१ असा सामना जिंकला आणि दुसऱ्या दिवशी, वसुबारसेला, प्रशिक्षक एरिक टेन हाग यांना काढल्याची बातमी आली. नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालहून रूबेन आमोरिम आले आणि त्यांनी बचावात तीन खेळाडू ठेवण्याची आपली पद्धत लागू केली. संघातील खेळाडू मात्र दुसऱ्याच पद्धतीसाठी विकत घेतलेले होते. कपाशीच्या उभ्या वावरात धानाच्या बांध्या घालायला घ्याव्यात, तसे ते दिसत होते. प्रशिक्षकाची कल्पना वाईट होती असे मला वाटत नाही, पण तिला उन्हाळ्यातील मशागत मिळाली नव्हती. पुढच्या फळीतील हॉयलुन आणि झिर्कझी यांनी संपूर्ण साखळीत अनुक्रमे ४ आणि ३ गोल केले, यावरून उत्पन्नाचा अंदाज यावा.

पहिला प्रसंग १५ डिसेंबर २०२४ चा आहे. सामना मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, आपल्या वेळेनुसार रात्री १० वाजता सुरू झाला. सिटी १-० ने पुढे होती. सुमारे पावणेबारा वाजता, सामना ८५व्या मिनिटाच्या आसपास असताना, पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी आली आणि ती २५ मिनिटे हलली नाही. त्या दरम्यान ८८व्या मिनिटाला ब्रुनो फर्नांडिसने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ९०व्या मिनिटाला अमादने विजयी गोल केला. हंगामातील सर्वांत गोड पाच मिनिटे मी काळ्या पडद्याकडे बघत काढली.

तीन दिवसांनी आपला तंत्रज्ञ आला आणि त्याने वानरांनी छत्री हलविल्याचे कारण नोंदविले. वानरांचा त्रास आमच्या गावात आहे, हे नाकारत नाही. कौले, टाक्या आणि तुरीच्या शेंगा यांचे ते काय करतात ते मी रोज पाहतो. परंतु त्याच मिनिटाला, चार घरे सोडून असलेल्या शेजाऱ्याकडील आपल्याच कंपनीची जोडणीही बंद पडली होती आणि २५ मिनिटांनी दोन्हीकडे चित्र आपोआप परत आले. वानरे रात्री झाडावर झोपतात. पावणेबारा वाजता उठून त्यांनी दोन घरांच्या छत्र्या एकाच वेळी हलविल्या आणि पुन्हा जागच्या जागी नीट बसविल्या, असे कंपनीस म्हणावयाचे असल्यास तसे लेखी द्यावे. त्या रात्री पाऊस नव्हता, वारा नव्हता आणि वीजही होती. तंत्रज्ञ मुलगा जवळच्याच गावचा आहे. त्याने वरून आलेले कारण लिहिले, इतकाच त्याचा दोष आहे.

त्या पाच मिनिटांचे मोल काय, असे विचारले जाईल, म्हणून १७ जानेवारीच्या पहाटेचे सांगतो. त्या आठवड्यात कृषी पंपांना रात्रपाळीची वीज होती. मी हरभऱ्याचे ओलीत लावून, स्प्रिंकलरचे पाइप बदलून, चिखलाच्या पायांनी घरी आलो तेव्हा साउदम्प्टनविरुद्ध मध्यंतर झाले होते आणि तळाला असलेल्या त्या संघाविरुद्धही आम्ही ०-१ ने मागे होतो. अमादने ८२व्या मिनिटाला, ९०व्या मिनिटाला आणि जादा वेळेत असे तीन गोल केले व सामना ३-१ झाला. ती बारा मिनिटे आपण मला दाखविली, त्याबद्दल आभार. त्यानंतर पुन्हा शेतात जाताना थंडी जाणवली नाही. हरणाऱ्या संघाचा प्रेक्षक तासन्‌तास बसतो तो अशाच दहा-बारा मिनिटांसाठी, आणि ती कधी येतील हे आधी कळत नसल्यामुळेच त्याला संपूर्ण पॅक घ्यावा लागतो.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे आणि त्यात वानरांचा काहीही संबंध नाही. १ मार्च २०२५ पासून आपण पॅकची फेररचना करून युरोपातील सामने दाखविणारी वाहिनी माझ्या पॅकमधून काढून टाकली. मला त्याची पूर्वसूचना मिळाली नाही. ६ मार्चच्या रात्री मी वाहिनी लावली तेव्हा ‘ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही’ असे उत्तर मिळाले. मी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली आणि ४८ तासांत निराकरण होईल असे मला सांगण्यात आले. प्रत्यक्षात वाहिनी १४ मे रोजी परत सुरू झाली.

या काळात काय घडले ते कृपया लक्षपूर्वक वाचावे. साखळीत संघाने न्यूकॅसलकडून १-४, वुल्व्ह्जकडून ०-१, ब्रेंटफर्डकडून ३-४ आणि वेस्ट हॅमकडून ०-२ असा मार खाल्ला. ते सर्व सामने माझ्या घरी विनाअडथळा दिसले. युरोपा लीग या युरोपातील स्पर्धेत, जिच्या बाद फेऱ्यांत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोन सामने होतात, त्याच संघाने रेआल सोसिएदादशी १-१ अशी बरोबरी करून नंतर ४-१ ने विजय मिळविला, लिऑनशी २-२ आणि मग ५-४, तर उपांत्य फेरीत अ‍ॅथलेटिक बिल्बाओवर ३-० आणि ४-१ अशी मात केली. सहा सामन्यांत एकही पराभव नाही. या सहांपैकी एकही सामना मला पाहता आला नाही.

त्यातील लिऑनविरुद्धचा दुसरा सामना आपल्याकडे १८ एप्रिलच्या पहाटे झाला. दोन गोलची आघाडी गेली, जादा वेळेत लिऑन ४-२ ने पुढे गेले, आणि मग ११४व्या मिनिटाला ब्रुनोने पेनल्टीवर, १२०व्या मिनिटाला मेनूने आणि लगेच पुढच्या मिनिटाला मॅग्वायरने डोक्याने गोल केला. हे मी पाहिलेले नाही. पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या फोनवरून सांगत होता आणि मध्येच आवाज तुटत होता. शेवटी तो नुसताच ओरडला, आणि गोल कोणी कोणावर केला हे समजण्यास मला दोन मिनिटे लागली. १९९९ च्या त्या रात्रीनंतर तशाच तोडीची रात्र मला २६ वर्षांनी मिळत होती, आणि ती मी पैसे भरलेले असताना अंगणात फोन कानाला लावून काढली.

१४ मे रोजी वाहिनी सुरू झाल्यानंतर २२ मेच्या पहाटे बिल्बाओ येथील अंतिम सामना मात्र पहिल्या मिनिटापासून अखेरपर्यंत दिसला. टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनने ४२व्या मिनिटाला गोल केला, हॉयलुनचा हेडर फान द फेनने गोलरेषेवरून उडी मारून परतविला, आणि आम्ही ०-१ ने हरलो. ज्यांनी हरविले ते स्वतः साखळीत १७वे होते, हे दुःख वेगळे. चित्र इतके स्वच्छ होते की खेळाडूंच्या डोळ्यांतील पाणी दिसत होते.

माझ्या तक्रारीवर आपण आजवर दोन प्रस्ताव दिले आहेत आणि दोन्ही मला मान्य नाहीत. सेवा बंद असलेल्या काळाचा हिशेब करून ४६ रुपये खात्यात जमा करण्याचा पहिला प्रस्ताव आहे. हा हिशेब सर्व मिनिटे सारखी धरतो. सोंगणीच्या आठवड्यात मळणीयंत्र बंद पडले तर वर्षाच्या ३६५ दिवसांना भागून आठ दिवसांचे भाडे कोणी परत करत नाही, कारण उरलेल्या दिवसांत ते यंत्र नुसते उभे असते. दुसरा प्रस्ताव असा की भरपाई म्हणून तीच वाहिनी मला पुढील एक वर्ष विनामूल्य मिळेल. हा प्रस्ताव तयार करणाऱ्याने गुणतक्ता पाहिलेला दिसत नाही. साखळीत १५वा क्रमांक आल्यामुळे आणि अंतिम सामना हरल्यामुळे पुढील हंगामात मँचेस्टर युनायटेड युरोपातील कोणत्याही स्पर्धेत खेळणार नाही. म्हणजे माझा संघ ज्या वर्षी त्या वाहिनीवर होता त्या वर्षी आपण ती काढून घेतली, आणि ज्या वर्षी तो तेथे नसेल त्या वर्षी ती फुकट देत आहात.

याशिवाय, ३ मे रोजी आपल्या यंत्रणेने माझी तक्रार ‘ग्राहकाने समाधान व्यक्त केले’ असे लिहून बंद केल्याचा संदेश मला आला. त्या दिवशी मी कोणाशीही बोललो नव्हतो. समाधानाची ही नोंद कोणी केली याची चौकशी व्हावी आणि ती लेखी रद्द करण्यात यावी.

माझी मागणी अशी आहे की वार्षिक पॅकची २,१६० रुपयांची संपूर्ण रक्कम परत करावी, १५ डिसेंबरच्या रात्री सेवा का बंद पडली याचे खरे कारण कळवावे, आणि ऑगस्टमध्ये माझा पॅक मला न विचारता नूतनीकृत करू नये. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबाबत यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस तेथे शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असल्याने पेरणी उरकून जाण्यासही मला पुरेसा वेळ आहे.

पावतीची छायाप्रत, तक्रार क्रमांकांचे संदेश, शेजाऱ्याचे सहीचे निवेदन आणि १५ डिसेंबरच्या रात्री काळ्या पडद्याचे घड्याळासह काढलेले छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपला,
ग्राहक
(ग्राहक क्रमांक पावतीवर नमूद आहे)
ता. घाटंजी, जि. यवतमाळ